बिलोलीच्या वाटेवर बसलेलं बूच

लातूर मागं पडलं आणि उदगीरच्या रस्त्याला धुक्यातून तुरीची शेतं दिसू लागली. गाडी मी चालवत होते. शेजारी माझी थोरली बहीण, अक्का, शालीत हात गुंडाळून बसली होती. संधिवातानं तिचे सांधे आखडतात. थंडीत सकाळी कढत पाण्यानं आंघोळ झाल्याशिवाय तिला धड उभंही राहता येत नाही. म्हणूनच शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ही जुनी गाडी घेतली. आत पलंग, ओटा, छोटी मोरी आणि गॅसवर पाणी तापवायची टाकी.

आम्हाला किनवटला जायचं होतं. लग्नाआधी अक्का तिकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायची. तेव्हा तिच्या खोलीत राहणारी सुमन अजून तिथल्याच एका खेड्यात आहे. लग्नानंतर दोघी भेटल्याच नव्हत्या. दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, बऱ्याच मिनतवारीनंतर होकार दिला होता.

उदगीरला भुसार बाजाराजवळ सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाष्टा) खाल्ली, किल्ला पाहिला, मुक्काम केला. सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला तर लालसर, नासकं पाणी आलं. आधीच्या मालकानं टाकी कधी रिकामीच केली नसावी. शेगडीवर एवढंसं पातेलंच मावायचं; तेवढ्या पाण्यानं अक्काचे हात शेकले, पण गुडघे आणि खांदे काही मोकळे झाले नाहीत.

टाकीच्या तळाशी आट्यांचं प्लास्टिकचं बूच असतं. गाडीच्या बाहेरून एक झाकण उघडलं की ते दिसतं. ते काढायचं आणि टाकी धुवायची, एवढंच काम. मी गॅस बंद केला, टाकी गार होऊ दिली, वरचा व्हॉल्व उघडून दाब सोडला आणि पाना लावला. बूच तसूभर हललं नाही. उलट पाना घसरून त्याच्या कडाच गोल झाल्या. गावातल्या गॅरेजवाल्यानं वाकून पाहिलं.

"मॅडम, हे निघत न्हाई. टाकीच बदला," तो म्हणाला.

तशी टाकी उदगीरला मिळण्यासारखी नव्हती. आम्ही देगलूर ओलांडून बिलोलीच्या दिशेनं निघालो. दुपारी अक्काला गाडीतून उतरवताना मला तिला जवळजवळ उचलावंच लागलं. तेवढ्यात दाजींचा फोन आला. अक्काचा आवाज ऐकूनच त्यांना काय ते समजलं. "उद्या सकाळी मागं फिरा," ते म्हणाले. एकदा घरी गेलो की अक्काला पुन्हा कुणी बाहेर सोडणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"संध्याकाळपर्यंत थांबा, दाजी," मी म्हटलं.

रस्त्याकडेला एका शेतात बोअरची मोटर चालू होती. विचारून गाडी तिथंच लावली. शेत गंगाधर आणि सायव्वा या नवराबायकोचं होतं.

"का करून राहिल्या, बाई? नीळ्ळू (पाणी) पाहिजे का?" सायव्वानं विचारलं.

"पाणी पाहिजेच आहे. पण आधी आतलं बाहेर काढायचंय."

गंगाधरनं लोखंडी पाइपचा तुकडा आणून दिला. तो पान्याच्या दांड्यावर चढवून मी सगळा भार टाकला. कट्कन आवाज आला आणि मी मातीत पडले. बुचाचं डोकं तुटून हातात आलं होतं. आटे आतच राहिले.

"आता झालं की वो," गंगाधर म्हणाला.

अक्का गाडीच्या पायरीवर बसली होती. "माले, ऱ्हाऊ दे. फिरू मागं."

"फिरायचं नाही," मी म्हटलं, आणि तिथंच मातीत बसून विचार करू लागले. प्लास्टिक आहे, म्हणजे वितळणार. त्याला भोक पाडता आलं तर आतून चिरता येईल.

गाडीतला जुना स्क्रूड्रायव्हर शेगडीवर तापवायचं अक्कानं स्वतःहून अंगावर घेतलं. बोटांत धरता येईना, म्हणून जाड फडकं घेऊन दोन्ही तळव्यांमध्ये दाबून तिनं तो धरला. ती तापवायची, सायव्वा माझ्यापर्यंत आणायची, मी बुचात रुतवायचे. जळक्या प्लास्टिकच्या वासानं डोळे झोंबत होते. बऱ्याच खेपांनंतर चर्र आवाज झाला आणि तांबूस पाण्याची धार माझ्या पदरावर आली.

पाणी वाहून गेल्यावर गंगाधरकडचं लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पातं भोकातून आत घातलं. टाकीच्या आट्यांना लागलं तर सगळंच संपलं, म्हणून अगदी हलक्या हातानं दोन चिरा पाडल्या. मधला तुकडा आत ढकलून पकडीनं ओढला. उरलेलं कडं सैल झालं आणि फिरून बाहेर आलं.

सायव्वानं मोटरचा पाइप आणून टाकीच्या तोंडाला लावला. क्षाराच्या पांढऱ्या खपल्या किती तरी वेळ पडत होत्या. बिलोलीत हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचं पितळी बूच मिळालं. पांढरी टेप गुंडाळून ते बसवलं आणि सायव्वाच्या घरच्या गोड्या पाण्यानं टाकी भरली. गळती नव्हती. टाकी दुरुस्त झाली, आम्ही पुढं जातोय, असं दाजींना फोनवर सांगून टाकलं. रात्री तिनं भाकरी आणि अंबाडीची भाजी दिली.

सकाळी मोरीतून वाफ आली. अक्का बराच वेळ आत होती. बाहेर आली ती आपली वेणी आपण घालत.

धर्माबाद, भोकर करत आम्ही किनवटच्या सागाच्या रानात शिरलो. सुमनच्या अंगणासमोर गाडी थांबवली. सूप घेऊन बसलेली एक वाळकी, पिकल्या केसांची बाई सूप बाजूला ठेवून उठून उभी राहिली.

"वत्सले," ती म्हणाली, "केवढा उशीर केलास गं."

अक्कानं तिचा हात धरला, तो दोन दिवस फारसा सोडला नाही. मी रानात हिंडले, मोहाची झाडं पाहिली, दोघींना एकटं राहू दिलं.

परतताना नांदेडला गोदावरीच्या पुलावर अक्का म्हणाली, "आई गेल्यापासून मला वत्सला म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं."

मी हिशेब केला. घरात ती कुणाची काकू, कुणाची आजी, दाजींची 'अगं'. माझी तर जन्मापासून अक्काच. बूच काढताना मला वाटत होतं, मी तिच्यासाठी गरम पाण्याची सोय करतेय.

लातूरला तिच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी उतरले, दार उघडलं आणि हात पुढं केला.

"ये, वत्सला," मी म्हटलं.

ती हसली आणि माझा हात न धरता खाली उतरली.