थंडी पडली आहे, सभासदांनी नोंद घ्यावी

"अजून नाही."

दिवाळी उलटली की आमच्या इमारतीतले काका रोज सकाळी गच्चीवरून उतरताना प्रत्येक मजल्यावर एवढंच म्हणायचे. कोणी काही विचारलेलं नसायचं. दार उघडं दिसलं की आत डोकं घालायचे, "अजून नाही" म्हणायचे आणि खालच्या मजल्यावर जायचे. नव्या भाडेकरूंना वाटायचं, पाणी आलेलं नाही. ते बिचारे नळाशी जाऊन खात्री करून यायचे.

काका थंडीबद्दल बोलत असत. आता डोंबिवलीची थंडी म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. पहाटे पंखा तीनवरून दोनवर येतो, आणि जरा धाडसी माणसं एकवर नेतात. पण आमच्या इमारतीत थंडी आपोआप पडत नसे. ती काका जाहीर करत. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ लाकडी पट्टीवर बसवलेला त्यांचा तापमापक होता. सकाळी सहा वाजता पारा पंधरावर आला तरच थंडी पडली, असा त्यांचा नियम होता. तो पारा बघायचा अधिकार फक्त त्यांचा.

काकांची नोकरी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात झाली. पस्तीस वर्षं त्यांनी तापमानाचे काटे बघितले. "अंदाजाने काम केलं असतं तर आज मी नसतो आणि अर्धी डोंबिवलीही नसती," असं ते म्हणायचे. आम्ही घामाघूम होऊन वाट बघायचो.

चौथ्या मजल्यावरच्या जोशींना एकदा नोव्हेंबरात सर्दी झाली म्हणून ते माकडटोपी घालून दूध आणायला निघाले. काकांनी त्यांना जिन्यातच अडवलं.

"जोशी, ही टोपी कोणत्या अधिकारात?"

"अहो, नाक वाहतंय माझं."

"नाक तुमचं आहे, थंडी सगळ्यांची आहे. काढा."

आणि जोशींनी काढली! सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, चांगला साठी उलटलेला माणूस, जिन्यात टोपी काढून खिशात ठेवतो. आम्हाला कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही, यावरून आमचीही कल्पना तुम्हाला येईल.

थंडी जाहीर व्हायची ती नेहमी शनिवारी. जिन्याखालच्या फळ्यावर खडूने वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं: "थंडी पडली आहे. सभासदांनी नोंद घ्यावी." पण फळा वाचायच्या आधीच आम्हाला कळायचं. जिन्यात डांबरगोळ्यांचा वास यायचा. काकांनी कपाटातून स्वेटर काढलेला असायचा. मरून रंगाचा, काकूंनी विणलेला. एक बाही दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब, कारण ती बाही काकूंनी टीव्हीवरच्या मालिका बघत विणली होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका ती बाही तेवढी दुमडून घ्यायचे, पण उसवून आखूड करू देत नसत.

त्याच संध्याकाळी गच्चीवर पोपटी. हे आमच्या इमारतीचं खरं वैभव. काका स्वतः आंबिवलीला जाऊन रुळांपलीकडच्या माळावरून भांबुर्डीचा पाला आणायचे. त्यांची मुलगी तिथेच राहते, पण तिच्याकडे चहाला न थांबता पाला कोमेजायच्या आत परत यायचे. कल्याणच्या बाजारातून मी वालाच्या शेंगा आणायची. मडक्यात तळाशी पाला, मग ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, वर पुन्हा पाला. दुसऱ्या मजल्यावरच्या गायकवाड वहिनींचं मडकं वेगळं, त्यात अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. मग गच्चीवर वाळू पसरून, विटा मांडून दोन्ही मडकी उपडी ठेवायची आणि भोवती जाळ करायचा. "माझ्या मडक्याकडे बघू नका हं," असं वहिनी दरवर्षी बजावायच्या आणि जोशी दरवर्षी अंधाराचा फायदा घेऊन त्याच मडक्यापाशी बसायचे.

काकांना वगळून पोपटी केली असती तर? खरं सांगते, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

मग आमची इमारत पुनर्विकासाला गेली. सह्या झाल्या. जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत घरं रिकामी करायची ठरली. कोणी ठाण्याला भाड्याने जागा घेतली, कोणी समोरच्या गल्लीत. म्हणजे त्या गच्चीवरची ही शेवटची पोपटी.

आणि नेमकी त्या वर्षी थंडी पडेना.

डिसेंबरच्या मध्यावर एक आठवडा मला चांगली हुडहुडी भरली. गायकवाड वहिनींनी रात्रपाळीहून येताना रिक्षात दात वाजल्याचं सांगितलं. त्या हॉस्पिटलात परिचारिका आहेत, उगाच काही बोलणाऱ्यातल्या नाहीत. मी काकांना विचारलं.

"भास आहे," काका म्हणाले. "अजून नाही."

जानेवारी लागला. मी तीन शनिवार शेंगा आणल्या आणि तिन्ही वेळा त्या सोलून घरोघर वाटल्या. सगळी इमारत आठवडाभर वालाची उसळ खात होती. घराघरात खोकी भरली जात होती. लोक स्वेटर खोक्यात टाकावेत की बाहेर ठेवावेत, हे विचारायला काकांकडे जात होते.

शेवटी गायकवाड वहिनींनी त्यांना गाठलं. "काका, लोकं सामान बांधून बसलीत. तुमची थंडी येणार कधी? टेम्पोत?"

"घाई करून थंडी पडत नाही, वहिनी," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं. एरवी ते चहा विचारल्याशिवाय कोणाला पाठवत नसत.

शेवटचा शनिवार उरला. तेव्हा आम्ही तिघांनी जे केलं, ते करणारी माणसं दुसरीकडे कुठे सापडतील असं मला वाटत नाही. पहाटे साडेपाचला मी, वहिनी आणि जोशी गच्चीवर गेलो. टाकी बघण्यासाठी गच्चीची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. माझ्या फ्रीजमधला सगळा बर्फ पिशवीत भरून आम्ही तो तापमापकाला बांधला. जोशी पुठ्ठ्याने वारा घालत होते.

दहा मिनिटांनी मोबाइलच्या उजेडात बघितलं तर पारा चारवर.

"अहो, चार?" जोशी कुजबुजले. "डोंबिवलीत बर्फ पडेल आता!"

वहिनींनी पिशवी सोडली, पट्टी खिळ्यावरून काढली आणि सवयीने थेट काखेत धरली. मिनिटभराने पारा तीसवर.

"ताप नाही," वहिनी म्हणाल्या.

मला हसू आवरेना. पुन्हा पट्टी खिळ्याला, पुन्हा बर्फ. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. मी पिशवी टाकीमागे फेकली आणि आम्ही तिघं सूर्योदय बघायला आल्यासारखे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलो.

काका टॉर्च घेऊन आले. चष्मा पुसला. वाकून बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. पट्टीवरून पाणी टपटपत होतं. त्यांनी पट्टीला बोट लावलं, मग माझ्या लाल झालेल्या हातांकडे बघितलं. मला स्वतःची लाज वाटायला लागली.

"अकरा," ते म्हणाले. "दव बरंच पडलंय."

आणि खाली गेले. थोड्या वेळाने जिन्यात डांबरगोळ्यांचा वास आला.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे स्वेटर, शाली, माकडटोप्या घालून गच्चीवर जाळाभोवती बसलो होतो आणि घामाच्या धारा पुसत होतो. शेजारच्या इमारतीतले लोक बनियनवर खिडकीत येऊन आमच्याकडे बघत होते. काकांनी शेंग सोलली, दाणा चावला, "ओवा कमी पडला" म्हणाले. दरवर्षी म्हणायचे. विस्तव विझेपर्यंत ते उठले नाहीत. मीही बसून राहिले.

काका मुलीकडे आंबिवलीला गेले. तिकडे मोकळं माळरान, थंडी आमच्यापेक्षा बरी पडते. फोनवर म्हणाले, "इथे पडते गं, पण सांगायचं कोणाला?" पुढच्याच पावसाळ्यात ते गेले.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी माझ्याकडे एक पिशवी देऊन गेली. त्यात तो तापमापक होता आणि भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांची पानं. डिसेंबर-जानेवारीचीच. प्रत्येक चौकोनात पेन्सिलने सकाळी सहाच्या पाऱ्याचा आकडा. मी जाहीर झालेल्या शनिवारांच्या तारखा शोधल्या. एका वर्षी लिहिलं होतं: "२०. पडली." दुसऱ्या वर्षी: "२१. शेंगा भरल्या. पडली." आणखी एका वर्षी: "१९. जोशींना सर्दी. पडली." इतक्या वर्षांत एकदाही पंधरा नव्हता. आमच्या सगळ्या थंड्या काकांनी आमच्यासाठी पाडल्या होत्या.

शेवटच्या वर्षीचं पान मी नंतर बघितलं. डिसेंबरच्या मध्यावर, मला हुडहुडी भरली होती त्या आठवड्यात, सलग तीन चौकोनांत लिहिलं होतं: "१५." "१४." "१५." आणि तिन्हींखाली: "अजून नाही."

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी: "११. तिसऱ्या मजल्याचा बर्फ. पडली."

तिसऱ्या मजल्यावर मी राहायची. ते पान हातात धरून मी रडले, आणि मध्येच वहिनींची काख आठवून हसले.

आता मी समोरच्या गल्लीत भाड्याने राहते. खिडकीतून आमची नवी इमारत दिसते. पाचव्या मजल्याचा स्लॅब टाकून झालाय, गच्चीला अजून बराच अवकाश आहे. तापमापक मी गॅलरीत लावलाय. गेल्या शनिवारी सकाळी सहाला ठाण्याहून जोशींचा फोन आला.

"काय हो, पडली का?"

मी गॅलरीत जाऊन बघितलं. गार वारा सुटला होता, पायाखालची फरशी बर्फासारखी लागत होती. पारा बरोबर पंधरावर होता. मग समोरच्या इमारतीच्या उघड्या सळ्यांकडे बघितलं.

"अजून नाही," मी म्हणाले.

"बरं," जोशी म्हणाले. "मग टोपी काढून ठेवतो."