आईने उपटलेली हरळी

"आई, थांब!" म्हणेपर्यंत तिच्या खुरप्याने माझी अर्धी हरळी उपटली होती.

कळमनुरीच्या आमच्या घरामागे, चिंचांखाली पूर्वी मोठी हिरवळ होती. दवाखान्यात असलेल्या बाबांना घरी आल्यावर तिच्यावरच बसायचं होतं, म्हणून मी ती पुन्हा लावत होतो. काल शेतावरून आलेल्या आईला हे सांगायचं राहिलं.

"जल्मभर आमी हरळी उपटली अन् तू लावून राहिला? येडा झाला का?"

"बाबांसाठी."

तिने खुरपं खाली ठेवलं. पानांतून झिरपणारं ऊन तिच्या हातांवर हलत राहिलं. मग एकेक काडी तिने ओल्या मातीत परत खोचली.

मंडळी, चिंचेच्या सावलीत हरळी धरते का हो?

आज सकाळी बाबा आले. "आधी रुजू द्या तिला," म्हणत आईने त्यांना ओट्यावरच बसवलं.