पेटी आणि खड्डा

सत्तरच्या दशकात परभणीत विजेची मोजयंत्रं तपासून देणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपात मी नोकरीला होतो. आमच्याकडे एक सागवानी पेटी होती, आत नेमक्या मापाची तारांची वेटोळी. आलेलं यंत्र पेटीला जोडायचं. पेटीवर पाच ओहम लिहिलंय आणि काटा नऊवर गेला, तर स्क्रू फिरवून काटा पाचावर आणायचा आणि सहीची चिठ्ठी चिकटवायची. पेटी स्वतः दरवर्षी पुण्याला तपासायला पाठवायचा नियम होता. ती गेली की काम बंद, म्हणून मालकांनी तीन वर्षं पाठवली नव्हती. मीही तोंड उघडलं नाही.

झरी गावाकडे पंप बसवणारा एक वायरमन होता, वयाने माझ्यापेक्षा मोठा. त्याचं अर्थिंग मोजायचं यंत्र मी असंच 'दुरुस्त' करून दिलं. माप जितकं कमी, तितकं अर्थिंग चांगलं. आठवड्यात तो परत आला. रोज कामावर निघताना गोदामामागच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यातलं अर्थिंग मोजून बघायची त्याची सवय होती.

"भाऊ, माझ्या खड्ड्यावर कायम सात यायचं. तुमी हात लावल्यापासून चार यायलंय. जमीन का आठ दिसात बदलती?"

"मग काय, पुण्यात तपासलेल्या पेटीपेक्षा तुमचा खड्डा खरा?" मी म्हणालो. वर्कशॉपातले सगळे हसले. तो ओशाळला आणि यंत्र उचलून गेला. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

पुढच्या महिन्यात त्याने त्याच यंत्रावर मोजून पास केलेल्या एका पंपाच्या लोखंडात करंट उतरला आणि हात लागून एक सालगडी मेला. अर्थिंग कामाचंच नव्हतं. चौकशीत मला विचारलं, यंत्र बरोबर होतं का? मी माझ्या सहीची चिठ्ठी दाखवली. वायरमनचं लायसन गेलं.

मग घाबरून मालकांनी पेटी पुण्याला पाठवली. कागद आला: पाचाच्या जागी नऊ, आतले जोड गंजलेले. म्हणजे वायरमनचं यंत्र आधी खरं माप दाखवत होतं. खोटं मी केलं. मालकांनी कागद कपाटात टाकला. तो उचलून चौकशीवाल्यांकडे जाता आलं असतं. नोकरी जाईल म्हणून गेलो नाही, दुसरं काही कारण नाही.

दोन वर्षांनी पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्यावर तो वायरमन पोती वाहताना दिसला. मी तोंड चुकवणार, तोच त्याने हाक मारली, बळंच चहा पाजला. मग हळूच म्हणाला,

"भाऊ, एक इचारू? तवा यंत्र बरोबरच व्हतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मंग माझाच हात चुकला. त्या माणसाच्या घरी जाऊन दर साली पाया पडतो मी. औंदा बी जाऊन आलो."