हरिबाचा हुकूम

मंगळवेढ्याच्या अलीकडं एक गाव, तिथं मी शाळामास्तर होतो आणि हरिबा कोतवाल होता. भित्रा इतका, की कारकून दिसला तरी पायताण काढून उभा राहायचा. हलगी मात्र झोकात वाजवायचा. दवंडीची रीत त्याला बापाकडून आलेली. आधी हुकूम कुणाचा ते सांगायचं, मग हुकूम. पाटलाची म्हैस हरवली तरी पाटलाचं नाव आधी.

आणीबाणीतलं शहात्तर साल. तालुक्याचे साहेब जीप घेऊन चावडीपुढं उतरले. नसबंदीच्या केसेस भरत नव्हत्या, म्हणून पिसाळलेले. म्हणाले, "दवंडी दे. ज्या घरात ऑपरेशन नाही, त्या घराला उद्यापासून रेशन बंद." निम्मं गाव त्या धान्यावर जगत होतं. कागद काही त्यांनी दाखवला नाही, आणि मागायची कुणाची छाती नव्हती. जीपमध्ये पोलीस बसले होते.

हरिबानं हलगी वाजवली. लोक गोळा झाले, बाया पुढं आल्या. "ऐका होऽऽ!" म्हणाला आणि थांबला.

"सायब, कुनाच्या हुकमानं म्हनू?"

"सरकारच्या."

"सरकार लई लांब, सायब. लोक गाऱ्हानं घिऊन मलाच गाठत्यात. तुमचं नाव घिऊ का?"

"माझं नाव तोंडातून निघालं तर कोतवाली गेली समज!"

"मग कुनाचं घिऊ?"

यात कसला डाव नव्हता. नावाशिवाय दवंडी त्याला जमतच नव्हती.

"घे तुझंच!" साहेब ओरडले.

हरिबानं हलगीवर काठी टाकली. "ऐका होऽऽ! हरिबा कोतवालाच्या हुकमानं, ज्या घरात आपरेशन न्हाय, त्येला उद्यापासनं रेशन बंद होऽऽ!"

तेवढ्यात बायांतून हरिबाची बायको सोजरबाई पुढं झाली. तिची नातवंडंही त्याच धान्यावर होती. नवऱ्याला म्हणाली,

"हुकूम तुमचा न्हवं? मग मोडा की आत्ताच!"

हरिबानं साहेबांकडं पाहिलं. सगळं गाव पाहू लागलं. 'हुकूम माझा आहे' एवढंच साहेबांना म्हणायचं होतं. त्यांचं तोंड काही उघडेना.

हलगी पुन्हा कडाडली.

"हरिबा कोतवालाचा हुकूम हरिबा कोतवालानं मागं घेतला होऽऽ!"

साहेब जीपमध्ये बसले आणि धुरळा उडवत गेले. दुसऱ्या दिवशी रेशन सगळ्यांना मिळालं.

आठवड्यात कोतवाली गेली. बडतर्फीचा कागद घेऊन हरिबा शाळेत आला, मी तो वाचून दाखवला. वाचताना मला संताप आवरेना.

"खाली नाव हाय का, मास्तर?"

"आहे. साहेबांचंच. सहीसकट."

"बगा की," हरिबा म्हणाला, "हितं बरं सापडलं नाव."