डॉक्टरांच्या आवाजातला होकार

गोष्टीचं नाव वाचून तुम्हाला वाटलं असेल, आता हा हसवणार. साहजिक आहे. पनवेलला आमच्या आळीत मला नकलाकार म्हणूनच ओळखतात. शाळेतले सर, स्टँडवरचा कंडक्टर, कोपऱ्यावरची कोळीण, सगळे माझ्या घशात राहतात. पण डॉक्टरांची ही नक्कल मी परत कधी केली नाही.

बाबांच्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवणारा माणूस, केमो सुरू झाल्यावर मोरीपर्यंत भिंत धरून जायला लागला. आईनं गुळवेल-हळदीचा काढा उकळला. "औषधाचं विष अंगातून निघायला नको?" पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायला धजेना. डॉक्टरांचा फोन काही लागेना. ती नुसती भांडं झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी ओतून द्यायची. मला बघवेना. एका दुपारी मित्राच्या फोनवरून मीच तिला फोन लावला. डॉक्टरांचा नाकातला आवाज, मधेच त्यांचं ते खाकरणं. "हां ताई, द्या काढा. काही होत नाही."

आई त्या दिवशी पोटभर जेवली.

तीन केमोनंतर तपासणी झाली. गाठ होती तेवढीच.

"घरचं काही देता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढा. तुम्हीच तर फोनवर हो म्हणालात."

"मी? मी कधी फोन केला?"

आईनं हळूच माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर समजावत होते. पेशींमध्ये विष निकामी करणारी एन्झाइम असतात. चांगल्या पेशींना ती वाचवतात, पण गाठीत ती वाढली की केमोलाच विष समजून निकामी करतात. काही झाडपाला त्यांना जोर देऊ शकतो. "काढ्यानंच झालं असं नाही म्हणता येणार. गाठीत ती मुळातच जास्त असतील. काढा बंद करा, आपण औषध बदलून बघू."

"म्हंजे माल गोदीत पोचतो," बाबा म्हणाले, "पन आतलीच मानसं त्याचं भंगार करतात."

बाहेर आई औषधाच्या रांगेत पाठमोरी उभी होती. बाकावर बसून बाबांनी माझी कॉलर धरली. हातात जोर नव्हता.

"माज्या गाठीचं र्‍हाऊ दे. तुज्या आयला आता जल्मभर वाटल, तिनंच ती पोसली. डाक्टर काढ्यानंच झालं नाय म्हनले, तरी ऐकनार हाय का ती? लाज नाय वाटली तुला? जा तिच्याकडं. आन् तुज्या सोताच्या आवाजात बोल, गाढवा."