आईच्या जेडचं शेवटचं बोटभर

मला राग आला की आधी हात चालतो, मग तोंड. हे मी आईकडून घेतलं. नांदेडला आमच्या गच्चीवर तिची जेडची झाडं होती, जाड पानांची, आणि दरवर्षी संक्रांत सरली की ती विळा घेऊन त्यांच्यावर तुटून पडायची. एखादी फांदी लांबुडकी होऊन वाकलेली दिसली की खच्चकन मुंडकं खाली. मी भोकाड पसरायचे. मग माझ्याही पाठीत एक धपाटा बसायचा. "मारून न्हाई राहिले, जगवून राहिले," असं ती म्हणायची, झाडाबद्दल का माझ्याबद्दल कुणास ठाऊक. झाडं मात्र पुन्हा गुबगुबीत व्हायची.

लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा त्यातलंच एक छाटलेलं टोक तिनं कुंडीत लावलं आणि एसटीत मांडीवर धरून माझ्या घरी आणून दिलं. आता आई नाही. भावानं नांदेडचं घर विकलं, आणि घेणाऱ्यानं गच्चीवरच्या कुंड्या वरूनच खाली भिरकावल्या. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच एक झाड माझ्याकडे उरलं होतं.

आणि ते पडलं माझ्या सासूबाईंच्या तावडीत. बाई वाईट नाहीत, पण त्यांना पाणी टाकून देता येत नाही. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी टँकरच्या रांगेत एकीनं त्यांच्या कपाळावर घागर हाणली. सासूबाईंनी तिच्या झिंज्या धरून तिला चिखलात लोळवली. डोळ्यात रक्त उतरलं तरी स्वतःची घागर भरूनच घरी आल्या. भुवईवर तो व्रण अजून आहे. तेव्हापासून आमच्या घरात थेंबभर पाणी मोरीत जात नाही. तांदूळ धुतलेलं, मेथी धुतलेलं, पाहुण्यांनी ग्लासात अर्धं ठेवलेलं, सगळं कुंड्यांत. उष्टं तर त्या पोटच्या पोराचंही पीत नाहीत, मग ते जाणार कुठं? लातुरात हे घरोघरी आहे.

मोगरा, कढीपत्ता, गवती चहा यांचं त्यावर भागलं. पण जेड स्वतःच पानात पाणी साठवून बसणारं झाड, त्याला रोज पाजलं तर ते सडेल नाहीतर काय? त्यात उन्हानं पोळेल म्हणून सासूबाईंनी ती कुंडी मायेनं जिन्याखालच्या अंधारात सरकवली. मी शाळेवर जाताना ती उन्हात ठेवायची, आणि परत येऊन बघावं तर पुन्हा जिन्याखाली. बिचारं उजेडासाठी खिडकीकडं मान ताणत सुटलं. खोड काडीसारखं, टोकाला तेवढी फिकट पानं. मी भांडले, ताट आपटलं, अबोला धरला. पाणी काही थांबलं नाही.

मग एका रविवारी ते आपसूक आडवं झालं. बुडाशी बोट लावलं तर खोडाचा काळा चोथा हाताला आला. माझं डोकंच फिरलं. मी स्वयंपाकघरातून सत्तूर आणला, झाड उपटून फरशीवर टाकलं आणि घाव घातला. आत काळं. खोडात काळं दिसलं की हिरवं लागेपर्यंत वर वर छाटत जायचं, हे आईचंच शिक्षण. आणखी वर घाव, पुन्हा काळं. पानं उडून भिंतीला चिकटत होती आणि मी प्रत्येक घावाला सासूबाईंना शिव्या मोजत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "तुमच्या त्या पाण्यानं माझी आई दुसऱ्यांदा मारली तुम्ही."

त्यांना वाटलं, त्यांच्यावरच्या रागानं मी झाडाची खांडोळी करतेय. त्या पुढं झेपावल्या आणि खोडावर हात घातला. सत्तूर खाली येतच होता. तो त्यांच्या पंजात घुसला.

"मला काप," त्या म्हणाल्या, "पर आईचं झाड नको मारू, पोरी."

फरशीवर रक्त पसरलं. मी पदर फाडून त्यांच्या हाताला आवळला. रडत रडत मी त्यांना खोडाचा काप दाखवला, हे बघा काळं, हे असंच वर चढतंय, कापलं नाही तर काहीच राहणार नाही. त्यांनी त्या काळ्यावर बोट फिरवून बघितलं. मग त्यांनी धड हातानं खोडाचा शेंडा घट्ट दाबून धरला आणि काप म्हणाल्या. मी कापलं. हिरवं लागलं. बोटभर.

हाताला टाके पडले. तो बोटभर शेंडा मी खिडकीत कोरडा होऊ दिला आणि मग कोरड्याच मातीत खोचला. मुळं फुटेपर्यंत याला थेंब लागता कामा नये, एवढंच मी घरात सांगितलं.

नंतर एका दुपारी मी शाळेतून तापून आले, अर्धा ग्लास पाणी प्याले आणि उरलेलं खिडकीपाशी ठेवून कपडे बदलायला गेले. आतून बघते तर सासूबाईंनी पट्टी बांधलेल्या हातानं ग्लास उचललेला. पाय सवयीनं कुंडीपाशी गेले. ग्लास कलला. माझ्या हाताची मूठ वळली होती, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी त्यांना हाणलंच असतं.

त्या थांबल्या. त्या शेंड्याकडे बघितलं, कुंडीकडे पाठ केली आणि ग्लास तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.

माझं उष्टं त्याआधी फक्त आई प्यायची.