उषाताईंची सोमवारची स्लिप

नोटीस टाइप होऊन माझ्या टेबलावर आली होती. फक्त सही राहिली होती. तेवढ्यात शिपायाने दारातून डोकं आत घातलं.

"मॅडम, ज्यांच्या नावाची नोटीस हाय तेच आलेत. मंडळी पण हायेत सोबत."

परभणीच्या शाखेत मी तेव्हा मॅनेजर होते. जानेवारी संपत आला होता आणि मार्च क्लोजिंगची फोनाफोनी सुरू झाली होती. नोटीस होती माधवरावांच्या नावाची. ते एका खाजगी शाळेत क्लार्क. पगार एकवीस हजार. त्यांनी मित्राबरोबर भागीदारीत लेडीज ड्रेसचं दुकान काढलं, त्यासाठी दोन खोल्यांचं राहतं घर तारण ठेवून आमच्याकडून कर्ज घेतलं. भागीदाराने दीड वर्षात अंग काढून घेतलं. दुकान बंद पडलं. दरमहा आठ हजार चारशेचा हप्ता, असे पाच हप्ते थकले होते. एकूण बाकी तीन लाख साठ हजार.

तीन महिने हप्ता आला नाही की बँक ते कर्ज बुडीत जाण्याच्या वाटेवर आहे असं धरते. त्याला NPA म्हणतात. मग साठ दिवसांची नोटीस जाते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर बँक तारण घराचा ताबा घेऊ शकते. माझ्या टेबलावरची नोटीस तीच होती.

माधवराव खुर्चीत बसले, पण मान वर करेनात. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, उषाताई.

"मॅडम, मला हे सगळं परवा कळलं. पाच महिने यांनी घरात सांगितलंच न्हाई. आता मला एकेक करून इचारू द्या."

मी म्हटलं, "विचारा."

"व्याज रोजचं लागतंय का महिन्याचं?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत कर्जदाराने हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. लोक विचारतात, व्याज किती टक्के. मी सांगितलं, व्याज रोजच्या बाकीवर मोजतात, महिन्याच्या शेवटी खात्याला लावतात.

"म्हणजे मी पाच तारखेला हजार भरले काय आन् तीस तारखेला भरले काय, फरक पडतोय?"

"थोडा पडतो."

"थोडा का होईना, पडतोय ना," असं म्हणून त्यांनी पिशवीतून शाळेची जुनी वही काढली आणि लिहून घेतलं.

मी त्यांना OTS सांगितलं. म्हणजे एकरकमी तडजोड. बँक काही व्याज सोडते, कर्जदार ठरलेली रक्कम एकदम भरतो आणि प्रकरण मिटतं. अशा खात्यांना आम्ही बहुतेक हाच मार्ग सुचवायचो. फक्त क्रेडिट रिपोर्टवर 'तडजोड केली' असा शिक्का राहतो.

"तो शिक्का यांच्या एकट्याच्याच नावावर राहील का जामीनदाराच्या पण?"

"जामीनदाराच्या नावावर पण दिसू शकतो."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. जामीनदार होते माधवरावांचे मावसभाऊ, पोखर्णीचे शिक्षक. त्यांच्या मुलीला त्या वर्षी शिक्षणासाठी कर्ज काढावं लागणार होतं.

"मग नको," उषाताई म्हणाल्या. "भाऊजींनी यांच्या शब्दावर सही केली. त्यांच्या पोरीचं कर्ज आमच्यामुळं अडलं तर मी पोखर्णीला कोणत्या तोंडानं जाऊ? आमी सगळे पैसे भरतोत. थकलेल्या हप्त्यांसाठी मला मार्च एंडपर्यंत येळ द्या."

मी रिजनल ऑफिसला फोन लावला. साहेब वैतागले. "मॅडम, एकवीस हजार पगारात तो बेचाळीस हजारांची थकबाकी दोन महिन्यांत भरणार? तुम्हाला पटतंय का?"

खरं सांगायचं तर पटत नव्हतं. तरी मी म्हणाले, "साहेब, मार्चपर्यंत थांबते."

"थांबा. पण फाइलवर तुमच्या सहीनं लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. मनात धाकधूक होतीच.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मोटरसायकल विकली. अठ्ठावीस हजार आले, तसेच खात्यात भरले. माधवराव सायकलवर शाळेत जायला लागले. राहिले चौदा हजार. सोनं आधीच दुकान काढताना विकलं गेलं होतं. हे चौदा हजार कुठून येणार ते मला कळत नव्हतं.

फेब्रुवारीत मी पीककर्जाच्या तपासणीला बोरीला गेले होते. त्या दिवशी आठवडी बाजार होता. गाडी बाजाराच्या कडेने हळू चालली होती आणि मला उषाताई दिसल्या. जमिनीवर ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर ड्रेसचे ढीग. बंद पडलेल्या दुकानातला माल. घरात गाठोडी बांधून ठेवलेला होता, माधवराव त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

"घ्या बाई, दुकानातला माल हाय, बाजारातला न्हाई! शिलाई बगा, उलटून बगा!"

आवाज खणखणीत. बोरी त्यांचं माहेर. येणाऱ्या-जाणाऱ्या निम्म्या बाया त्यांना ओळखत होत्या. मी गाडीतून उतरले.

"उषाताई, इथं?"

"मग कुठं बसू मॅडम? परभणीत बसले तर यांच्या शाळेतले लोक बगतेत, यांना लय वाईट वाटतंय. म्हणून म्हटलं माहेरी बसावं. इथं मलाच लाज वाटंल, यांना न्हाई."

"मग वाटते का लाज?"

त्या हसल्या. "पहिल्या बाजाराला वाटली. दुसऱ्याला गिऱ्हाइकं लय होती, लाजायला येळच न्हाई गावला."

बोलता बोलता मला दिसलं, ताडपत्रीच्या मागे एक माणूस पाठमोरा बसून ड्रेसच्या घड्या घालत होता. माधवराव. ते उठून उभे राहिले, नमस्कार केला. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले. "मॅडम, पहिल्या दोन बाजारांना ही एकटीच आली. मग मलाच घरी बसवेना." मी एक ड्रेस घेतला. उषाताईंनी दहा रुपयेसुद्धा कमी केले नाहीत.

मार्च संपायला सहा दिवस होते तेव्हा थकबाकी पूर्ण भरली गेली. सगळी थकबाकी आली की खातं पुन्हा नियमित होतं. रिजनलच्या साहेबांचा फोन आला. "काय सोनं सापडलं का त्यांना?" मी म्हणाले, "नाही साहेब. ड्रेस विकले."

आता पुढचे हप्ते. माझा अनुभव असा, की माणूस संकटात एकदा जोर लावतो. दर महिन्याला जोर लावणं फार थोड्यांना जमतं. त्यामुळे मी खात्यावर लक्ष ठेवून होते.

उषाताई दर सोमवारी बँकेत यायच्या. कधी तीनशे, कधी साडेचारशे, कधी सव्वादोनशे. दर महिन्याचा हप्ता माधवराव पगारातून वेगळा भरायचे, ही रक्कम त्याच्या वरची. कॅशियर कुरकुरायचा, "मॅडम, सव्वादोनशेची स्लिप!" मी त्याला सांगितलं, "स्लिप घ्या आणि शिक्का मारा."

नियम असा, की तारण असलेल्या घराला वर्षातून एकदा भेट द्यायची. मी मुद्दाम स्वतः गेले. दोन खोल्या, लख्ख. गॅसच्या टाकीवर खडूने तारीख लिहिलेली.

"ही तारीख कशाला?"

"टाकी कधी लावली ते. आधी महिन्याच्या आतच संपायची. आता डाळ, तांदूळ भिजवून कुकरला लावते. दीड महिना सहज जाते."

गच्चीवर काळा रंग दिलेला पत्र्याचा ड्रम होता. आंघोळीचं पाणी त्यात तापायचं. "परभणीचं ऊन फुकटच हाय मॅडम. आतापर्यंत नुसतं डोक्यावर घेतलं."

किराणा दुकानात त्यांची अकरा हजारांची उधारी होती. दुकानदाराला त्यांनी सांगितलं, जुनी थोडी थोडी फेडते, नवी एक रुपयाची लिहू नका. माझ्या मते बँकेचं व्याज जास्त जाचक होतं, उधारीला तर व्याजच नव्हतं. मी तसं म्हणाले.

"व्याज न्हाई, पण उधारीत भाव इचारता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तो देईल तो माल, सांगंल तो भाव. रोख असले की मी मोंढ्यातल्या धान्य बाजारात जाते. ज्वारी, तूर सुगीतच वर्षाची घेते. निवडते मी आन् आत्याबाई."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्या सूप घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं आता माझं दूध बंद होतंय. न्हाई केलं हिनं. सगळ्यांत आधी स्वतःच्या साड्या बंद केल्या."

माधवरावांचा बाहेरचा चहा बंद झाला होता. ते सकाळी थर्मास घेऊन जायचे आणि शाळेतल्या दोघा-तिघांना पाजायचे. दोन मोबाइलपैकी एकावरच इंटरनेटचा रिचार्ज होता. दुपारी उषाताई साड्यांना फॉल लावायच्या. पण सासूबाईंच्या गोळ्या आणि मुलीच्या वह्या-पुस्तकांत काटकसर नव्हती. ते त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: 'यातलं तोडायचं न्हाई.'

त्या भेटीत मी एक सल्ला दिला. उषाताईंची आमच्याकडेच दरमहा पाचशेची RD होती. RD म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम साठवायचं खातं. त्यावर व्याज सात टक्क्यांच्या आसपास, कर्जावर बारा. मी म्हणाले, "RD मोडा आणि कर्जात भरा. साधा हिशेब आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "हिशेब बरोबर हाय मॅडम. पण उद्या घरात कोणी पडलं-झडलं तर मी पैसे कुठून आणू? परत कोणाच्या तरी दारात जावं लागंल. ते पैसे राहू द्या."

मला जरा रागच आला. इतकी वर्षं बँकेत मी होते, त्या नव्हत्या.

पुढच्या पावसाळ्यात सासूबाई मोरीत घसरून पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागली. सरकारी योजनेतून बराचसा खर्च निघाला, तरी औषधं, येणं-जाणं, तपासण्या मिळून तेरा हजार लागले. उषाताई शुक्रवारी आल्या, RD मोडली, पैसे घेऊन गेल्या. त्या महिन्याचा हप्ता पाच तारखेलाच आला. सोमवारी त्या स्वतः स्लिप भरायलाही आल्या. पन्नास रुपये.

"उषाताई, या आठवड्यात राहू द्यायचं होतं," मी म्हणाले.

"सवय मोडंल मॅडम."

त्या गेल्यावर मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. माझा सल्ला ऐकला असता तर त्यांची वर्षभरात तीन-चारशे रुपयांची बचत झाली असती, आणि त्या शुक्रवारी त्या कोणाच्या तरी दारात उभ्या असत्या. मी तो कागद फाडला. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "RD बद्दल मी चुकले होते." त्या संकोचल्या. म्हणाल्या, "तुमचा हिशेब बँकेचा होता, बरोबरच होता."

पोखर्णीच्या शिक्षकांच्या मुलीचं शिक्षणकर्ज त्याच शाखेत मंजूर झालं. फाइलवर सही माझी होती. शिक्षकांच्या रिपोर्टवर तडजोडीचा शिक्का नव्हता.

कर्ज चार वर्षांत फिटायचं होतं. सव्वातीन वर्षांत फिटलं. शेवटचा भरणा करायला दोघं आले. नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, मी माधवरावांच्या नावाने केला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि बायकोकडे दिला. "ठेव. माझ्याकडं नको." उषाताईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "मॅडम, घरावरचा बोजा काढायला किती दिवस लागतेत? कागद आजच नेता येईल का?"

त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. कर्ज देताना आम्ही पगाराची स्लिप बघायचो, तारण बघायचो, जामीनदार बघायचो. घरात पैसा कोणाच्या हातून खर्च होतो हे कोणत्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नसतं. शेवटच्या दोन वर्षांत मी ते तोंडी विचारायला लागले होते. नवऱ्याने उत्तर द्यायच्या आत बायको बोलली, तर मी निम्मी निश्चिंत व्हायचे.